पळून आलेल्या मुलाला आधी घरी पाठवायचं, की आधी थारा द्यायचा?

मुठेकाठ
पुणे स्टेशन आणि स्वारगेटला एकटी उतरणारी मुलं नवीन नाहीत. कुणी मार खाऊन निघतं, कुणी नापास झालं म्हणून, कुणी लग्न ठरवलं म्हणून. त्यांच्यासाठीची यंत्रणा कागदावर वाईट नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, रेल्वे पोलीस आहेत, अशा मुलांचं काय करायचं हे ठरवणारी बाल कल्याण समिती आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत मुलाला समितीपुढे न्यावं लागतं. पण तिथून पुढे सगळी घाई एकाच दिशेला असते: पत्ता काढा, पालकांना बोलवा, सही घ्या, पाठवून द्या.

या घाईला माझा विरोध आहे. घरात काय घडलं हे मूल पहिल्या दिवशी सांगत नाही. कित्येकदा नावही खोटं सांगतं. बोलतं होण्याआधीच ते परतीच्या गाडीत बसलेलं असतं, आणि ज्याच्यामुळे पळालं तोच माणूस शेजारच्या सीटवर असू शकतो.

दुसरा प्रश्न वयाचा. अठरा पूर्ण व्हायला महिना राहिलेला मुलगा कायद्याने 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' असतो. महिनाभराने तोच मुलगा फुटपाथवर झोपला, तर १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली उचलला जाऊ शकतो. सोळा ते एकवीस वयाच्या मुलामुलींना रात्री कधीही दार वाजवता येईल, अशी जागा स्टेशनजवळ हवी. आधी जेवण, झोप, डॉक्टर. घरी कळवायचं की नाही, हे त्यांच्याशी बोलून मग ठरवावं.

कात्रजकर_बाबा
साफ असहमत. मी दोन मुलांचा बाप आहे आणि त्याच नात्याने लिहितो. मूल घरी आलं नाही तर आईबापांची रात्र कशी जाते, याचा तुमच्या लेखात एक शब्द नाही. मूल हरवल्याच्या तक्रारीत थेट गुन्हा नोंदवा आणि अपहरण गृहीत धरून तपास करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं. त्यामागे हीच तळमळ होती ना? आणि इथे तुम्ही म्हणता, मूल सुखरूप आहे हे ठाऊक असूनही कळवू नका!

बहुतेक मुलं रागाच्या भरात निघतात. राग उतरतो, मग परत जायची लाज वाटते. त्या वेळी कुणी हात धरून घरी नेलं तर संसार सावरतो. उलट पुण्यात गेलं की राहायची सोय होते, अशी बातमी एकदा शाळेत पसरली, तर जी मुलं नुसती रुसली असती तीही एसटीत बसतील.

रानवारा
बाबा, निवारा आहे म्हणून कुणी पळत नाही. मी सतराव्या वर्षी निघाले, तेव्हा असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. लग्न ठरलं होतं, मुलगा तीस वर्षांचा होता, बारावीचा फॉर्म फाडून टाकला होता. मला परत पाठवलं. पाठवणारी माणसं चांगली होती. बापाने हमीपत्र लिहून दिलं, त्यांना ते पुरलं. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही.

मला कुणी आठ दिवस ठेवून घेतलं असतं आणि माझ्या मावशीला शोधलं असतं, तर मी शिकले असते. परत पाठवणं म्हणजे फक्त आईबापांकडेच असं का धरून चालता? आजी, मावशी, मोठी बहीण, यांना कुणी विचारतच नाही.

फलाट_एक
बरीच वर्षं स्टेशनवर मुलांसोबत काम केलं आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं लागेल असं लिहितो.

दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत बाबांची घाई बरोबर आहे. तिथे वेळ फार महाग असतो. पहिल्या रात्री मूल घाबरलेलं असतं, घरचं नाव काढलं की रडतं. चार दिवसांत बाटल्या गोळा करून पैसे मिळतात हे कळतं. मग कुणीतरी मोठा मुलगा 'दादा' होतो, नशेसाठी हुंगायचा सोल्युशनचा बोळा हातात येतो, आणि त्यानंतर ते मूल घरीही रमत नाही आणि बालगृहातही टिकत नाही. मुलं परत परत पळतात ती इथून.

पण बाबा, 'हात धरून नेलं की सावरतं' हे खरं नाही. नेल्यानंतर त्या घरात कुणी जातं का? कायद्यात सामाजिक तपासणी अहवालाला, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती बघून लिहायच्या अहवालाला, १५ दिवस आणि समितीच्या चौकशीला चार महिने दिलेले आहेत. म्हणजे मुदत कमी नाही, घरी जाऊन बघणारी माणसं कमी आहेत. पैसेही आहेत. मूल कुटुंबातच वाढावं म्हणून सरकार मदत देतं: राज्याच्या बाल संगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये, केंद्राच्या मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात ४,०००. ज्या विधवा आईचं मूल कामाला जुंपलं म्हणून पळालं, तिच्यापर्यंत हे पैसे पोचले तर दुसऱ्यांदा पळणं टळतं. परतीच्या तिकिटाबरोबर हा अर्जही भरला गेला पाहिजे. मुठेकाठ यांना निवारा हवा, मला आधी हे हवं.

आणखी एक. १०९८ मुंबईत १९९६ ला सुरू झाला. पुण्यात तो कित्येक वर्षं ज्ञानदेवी ही संस्था चालवत होती. २०२३ पासून तो सरकारने स्वतःकडे घेऊन ११२ या पोलीस-आपत्कालीन नंबरशी जोडला. ज्या मुलाला पोलिसांचीच भीती आहे ते हा नंबर फिरवेल का, याची काळजी वाटते.

सनद
कायद्याचं बोलतो. अठराखालचं मूल सापडल्यावर २४ तासांत पोलीस, १०९८, समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. तेव्हा 'आधी बोलू, मग ठरवू' असं कुठल्याही संस्थेला स्वतःच्या अखत्यारीत करता येणार नाही, आणि येऊही नये. दार उघडं ठेवून मुलं गोळा करणारे सगळेच सज्जन नसतात.

मात्र समितीला कळवणं वेगळं आणि मूल पालकांच्या ताब्यात देणं वेगळं. घरी परतण्याचा हक्क सांगणाऱ्या कलमातच 'मुलाच्या हिताचं नसेल तर नाही' असा अपवाद आहे. तो वापरायचं धाडस समित्यांनी करावं.

अठरानंतरचं भगदाड मात्र खरं आहे. अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरची, मदत एकवीसपर्यंत मिळते, पण ती बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांना. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून आलेल्याला ती लागू नाही. महाराष्ट्रातलं एक टक्का आरक्षण अनाथांसाठी, त्यातही तो बसत नाही, कारण त्याचे आईबाप जिवंत आहेत.

हडपसर_गाडीतळ
एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणजे कर्ता पुरुष. पुण्यात कामाला तोटा नाही. हॉटेलं आहेत, मार्केट यार्ड आहे, बांधकामं आहेत. आठ जण मिळून खोली करतात. सरकारने कुणाकुणाला पोसायचं?

मुठेकाठ
खोलीला डिपॉझिट लागतं, आधार लागतं. आधार घरी, बापाच्या कपाटात. कागद नाहीत म्हटल्यावर हॉटेलवाला टेबलांवर झोपू देतो आणि पगार अडकवून ठेवतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून परीक्षा देणारी मुलंही त्याच वयाची असतात. त्यांना घरून महिन्याचे पैसे येतात आणि आपण त्यांना होतकरू म्हणतो. मी पोसायला सांगत नाही. तीन-चार महिने छप्पर, कागद काढून देणारा माणूस, कामावर पैसे बुडवले तर मालकाशी बोलणारा माणूस, एवढंच. शहरात लाख लोकसंख्येमागे एक रात्र-निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं. पण पन्नाशीच्या दारुड्याशेजारी या पोराला झोपवणं हा उपाय नाही. महिला व बाल विकास आयुक्तालय पुण्यातच आहे, सुरुवात इथून करायला काय हरकत आहे?

सनद यांचा मुद्दा मान्य. अठराखालच्यांसाठी समितीला २४ तासांत कळवायचं, पण पालकांच्या ताब्यात देण्याआधी घराची तपासणी झालीच पाहिजे. माझी मागणी अशी वाचावी.

कात्रजकर_बाबा
तरीही माझी एक अट राहणार. मूल जिवंत आहे, सुखरूप आहे, एवढं त्याच रात्री आईबापांना कळलं पाहिजे. ठिकाण सांगू नका हवं तर.

रानवारा
ही अट मला मान्य आहे. माझ्या आईला तेवढं कळायला हवं होतं.

फलाट_एक
मलाही. फक्त तो फोन मुलाच्या किंवा संस्थेच्या मोबाइलवरून जाऊ नये, समितीच्या कार्यालयातून जावा. नाहीतर नंबरवरून पत्ता काढून दुसऱ्या दिवशी मामा-काका जीप घेऊन दारात उभे राहतात. आणि समितीचं कार्यालय रात्री बंद असतं, तेव्हा रात्रपाळीला एक माणूस लागेल. त्याची मागणी आधी करू.