सल्ला हवा : सूक्ष्मदर्शक आणि स्फटिकरचना यांची विभेदनमर्यादा विद्यार्थ्यांना कशी दाखवावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दोन बाबींवर जाणकारांचा सल्ला हवा आहे.

विभागासाठी एक नवा सूक्ष्मदर्शक घ्यायचा आहे. आमच्याकडचे सूक्ष्मदर्शक १००० पट वर्धन देतात आणि एक विक्रेते २००० पटीचा घ्या म्हणून आग्रह धरत आहेत. दुसरे असे की, प्रकल्पाचे विद्यार्थी डॉकिंगसाठी (औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल हे संगणकावर पाहण्यासाठी) प्रोटीन डेटा बँकेतून (प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातून) जी रचना आधी सापडेल ती उचलतात. तिच्यापुढे लिहिलेले '२.० अँगस्ट्रॉम' किंवा '३.२ अँगस्ट्रॉम' (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) त्यांना परीक्षेतल्या श्रेणीसारखे वाटते, त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. दोन्हींच्या विभेदनमर्यादेच्या, म्हणजे किती बारीक तपशील सुटा ओळखू येतो याच्या, मुळाशी विवर्तनच (बारीक रचनेमुळे लाटांचे वळणे) आहे हे मला ठाऊक आहे. पण ते फळ्यावर न सांगता त्यांच्या हातून कसे करून घ्यावे?

सूक्ष्मदर्शी

ताई, २००० पटीसाठी पैसे घालू नका. नमुन्यातील बारीक तपशील प्रकाशाला बाजूला वळवतो आणि तपशील जितका बारीक तितका तो अधिक रुंद कोनात वळतो. ऑब्जेक्टिव्हच्या (नमुन्याजवळच्या भिंगाच्या) शंकूत जेवढे वळलेले किरण शिरतात तेवढ्यांतूनच प्रतिमा घडते. जे बाहेर गेले त्यांची माहिती प्रतिमेत नसतेच, त्यामुळे कोणतीही आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) ती परत आणू शकत नाही. अर्न्स्ट ॲबे यांनी येना येथे १८७३ साली हे मांडले : ओळखू येणारे किमान अंतर म्हणजे तरंगलांबी भागिले न्यूमेरिकल अपर्चरची (भिंग किती रुंद कोनातले किरण घेते या मापाची) दुप्पट. तुमच्या १००x, १.२५ अपर्चरच्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात हे अंतर २२० नॅनोमीटर येते. उपयुक्त वर्धन अपर्चरच्या ५०० ते १००० पट धरतात, म्हणजे येथे फार तर १२५० पट. १०x आयपीस काढून २०x लावली की २००० हा आकडा मिळतो. दिसतो मात्र तोच धूसरपणा, दुप्पट आकाराचा.

तुमच्या विषयातलेच उदाहरण घ्या. ई. कोलायची रुंदी सुमारे अर्धा मायक्रोमीटर असल्याने तो दिसतो; त्याची कशाभिका (पोहण्याचा केसासारखा तंतू) सुमारे २० नॅनोमीटर जाडीची असल्याने साध्या रंजनात दिसत नाही. कशाभिकारंजनात आपण मॉर्डंटचा (रंग धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा) थर चढवतो तो तिची जाडी वाढवण्यासाठीच.

पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या प्लॅन (कडेपर्यंत सपाट प्रतिमा देणाऱ्या) ऑब्जेक्टिव्हवर आणि मध्यावर आणता येणाऱ्या, १.२५ अपर्चरच्या कंडेन्सरवर (नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगावर) करा. विद्यार्थी प्रयोगशाळांत कंडेन्सरचा डायफ्रॅम (प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणारा पडदा) कायम आवळून ठेवलेला असतो, कारण त्याने प्रतिमा ठसठशीत वाटते. परंतु त्यात निम्मे विभेदन वाया जाते, आणि याचा मला खरोखर खेद वाटतो.

हेच हातून करून घेता येते. एक जुनी सीडी घ्या, लेबलच्या बाजूचा चंदेरी थर चिकटपट्टीने ओढून काढा, उरलेल्या पारदर्शक चकतीचा तुकडा कापा आणि सोललेली बाजू वर करून स्टेजवर ठेवा. सीडीच्या दोन मार्गिकांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर असते. डायफ्रॅम पूर्ण आवळून १०x, ०.२५ अपर्चरच्या ऑब्जेक्टिव्हमधून पाहिले तर रेषा दिसणार नाहीत, कारण सरळ येणाऱ्या प्रकाशात मर्यादा तरंगलांबी भागिले अपर्चर, म्हणजे २.२ मायक्रोमीटर होते. आता डायफ्रॅम उघडा आणि कंडेन्सरखाली अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून प्रकाश तिरपा करा. मर्यादा १.१ वर येते आणि त्याच भिंगातून रेषा उमटतात.

त्यानंतर डायफ्रॅम पुन्हा आवळा, ४०x, ०.६५ अपर्चरचे ऑब्जेक्टिव्ह लावा, आयपीस काढा आणि नळीत डोकावा. मधोमध एक शुभ्र ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत पट्टे दिसतील. प्रत्येक पट्ट्याची मधल्या ठिपक्याकडची कड निळी आणि बाहेरची तांबडी असेल. १०x लावून पाहाल तर बाजूचे पट्टे वर्तुळाबाहेर गेलेले असतील आणि मधला ठिपका एकटा उरेल. रेषा का दिसत नव्हत्या याचे उत्तर तेथे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी मिळते.

स्फटिका

वरील प्रयोगातील बाजूचे रंगीत पट्टे लक्षात ठेवायला सांगा, कारण स्फटिकशास्त्रात आमच्या हाती फक्त तेवढेच येते. प्रोटीनची प्रतिमा थेट घडवील असे भिंग क्ष-किरणांसाठी नाही. म्हणून विवर्तित किरणांची तीव्रता मोजायची, हरवलेली कला (लाटेचे चढउतार कोठे येतात ही माहिती) अन्य मार्गांनी मिळवायची आणि भिंगाचे काम गणिताने करायचे, अशी ही रीत आहे. स्फटिकातील विवर्तनाच्या ब्रॅग यांच्या नियमानुसार ओळखू येणारे किमान अंतर तरंगलांबीच्या निम्मे असते. तांब्याच्या १.५४ अँगस्ट्रॉम क्ष-किरणांसाठी ते ०.७७ अँगस्ट्रॉम येते, म्हणजे तत्त्वतः प्रत्येक अणू सुटा दिसायला हवा.

प्रोटीनच्या बाबतीत तसे सहसा होत नाही आणि माझ्या मते विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. सूक्ष्मदर्शकात तरंगलांबी आणि भिंग आपल्याला अडवतात. येथे स्फटिक अडवतो. प्रोटीनच्या स्फटिकाचा साधारण निम्मा भाग पाणीच असते, रेणू एकमेकांना मोजक्या ठिकाणी टेकलेले असतात, त्यांची लवचीक टोके प्रत्येक एककात थोडी वेगळी वळलेली असतात आणि या सगळ्याची सरासरी घेताना रुंद कोनातील किरण क्षीण होत नाहीसे होतात. म्हणून '२.० अँगस्ट्रॉम' हा त्या स्फटिकाच्या शिस्तीचा आकडा आहे, यंत्राचा नव्हे.

शिवाय क्षीण किरण कोठपर्यंत धरायचे हा संशोधकाचा निर्णय असतो. पूर्वी तीव्रता तिच्या अनिश्चिततेच्या दुप्पट असेल तेथे थांबण्याची प्रथा होती; २०१२ नंतर विदेचे (मोजमापांचे) दोन भाग करून त्यांचा परस्परसंबंध पाहण्याची पद्धत रूढ झाली आणि अधिक क्षीण किरणही उपयोगात येऊ लागले. त्यामुळे १९९५ चे २.२ आणि २०२० चे २.२ हे एकाच मापाने मोजलेले नसतात.

काय दिसते याचा अंदाज असा : ३ अँगस्ट्रॉमच्या आसपास प्रथिनाच्या साखळीचा मार्ग आणि अमिनो आम्लांच्या मोठ्या पार्श्वशृंखला, २ च्या आसपास पाण्याचे रेणू, १.२ च्या खाली सुटे अणू. केंड्र्यू यांच्या मायोग्लोबिनची १९५८ ची रचना ६ अँगस्ट्रॉमची होती आणि तिच्यासाठी सुमारे ४०० परावर्तने (मोजलेले विवर्तित किरण) पुरली. २ अँगस्ट्रॉमपर्यंत जाण्यास सुमारे १०,००० लागली. अंतर निम्मे केले की परावर्तने आठपट होतात.

सरावासाठी '१एचएसजी' (संग्रहातील क्रमांक 1HSG) ही एचआयव्हीचे प्रोटिएज हे विकर आणि इंडिनाविर हे औषध यांची २.० अँगस्ट्रॉमची रचना घ्यावी. विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा उघडायला सांगा आणि औषधाचा रेणू व प्रथिनाच्या झडपा (त्याचे झाकणासारखे हलणारे भाग) यांच्यामध्ये बसलेला पाण्याचा रेणू शोधायला लावा. डॉकिंगपूर्वी सगळे पाणी सरसकट पुसून टाकणारे विद्यार्थी तो पाहिल्यावर थबकतात. हायड्रोजन कोठेच दिसणार नाहीत, हेही त्यांच्या नजरेस आणून द्यावे.

वारणेचा_वाघ

इतके तपशील पदवीच्या मुलांना झेपतील का? '२.५ च्या वरची रचना घेऊ नये' असा सरळ नियम द्यावा, असे मला वाटते.

स्फटिका

असा नियम देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. रिकाम्या प्रथिनाची १.६ अँगस्ट्रॉमची रचना आणि योग्य रेणू बसलेली २.७ ची रचना यांत डॉकिंगसाठी मी दुसरी निवडेन, कारण रेणू बसताना प्रथिनातील त्याच्या खोबणीचा आकार बदलतो. आकडा संपूर्ण रचनेसाठी असतो. खोबणीतील एखादे वळण १.६ च्या रचनेतही धूसर असू शकते किंवा त्यातील अमिनो आम्ले मुळीच गाळलेली असू शकतात. प्रत्येक नोंदीसोबत पडताळणी अहवाल मिळतो. त्यात आर-फ्री (बाजूला ठेवलेल्या मोजमापांशी रचना किती जुळते याचे माप) आणि बांधलेला रेणू नकाशाशी किती जुळतो हे पाहणे पदवीच्या मुलांना सहज जमते. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाच्या (गोठवलेल्या रेणूंच्या इलेक्ट्रॉन-प्रतिमांवरून काढलेल्या) रचनांमध्ये तर आकडा निराळ्या रीतीने काढतात आणि एकाच नकाशात मध्यभाग सुस्पष्ट व कडा धूसर असे नेहमी आढळते.

कृष्णाकाठ

मनापासून आभार. २००० पटीचा विचार सोडला. पैसे कंडेन्सरवर जातील. दोन शंका उरल्या. २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल ही मर्यादा ओलांडण्यासाठी दिले गेले, असे मुले म्हणतील. त्यांना काय सांगावे? आणि सीडीऐवजी डीव्हीडी चालेल का?

सूक्ष्मदर्शी

एकट्या चमकणाऱ्या रेणूचा ठिपका २०० नॅनोमीटर रुंद दिसला तरी त्याचे केंद्र काही नॅनोमीटरपर्यंत काढता येते. अडचण दोन ठिपके एकमेकांवर चढल्यावर येते. म्हणून बेट्झिग आणि मोर्नर यांच्या मार्गाने शेजारचे रेणू वेगवेगळ्या क्षणी चमकवतात, तर हेल यांच्या पद्धतीत दुसऱ्या कड्यासारख्या किरणाने भोवतीचे रेणू विझवतात. ॲबे यांचा नियम भिंगापुरता तसाच उभा आहे.

डीव्हीडी अवश्य घ्या. ती दोन चकत्या चिकटवून केलेली असते, त्यामुळे पात्याने कडेकडून फोडून आतली बाजू सोलावी लागेल. हे काम विद्यार्थ्यांकडे न देता आपण करावे. तिच्या मार्गिकांमधील अंतर ०.७४ मायक्रोमीटर असते. डायफ्रॅम आवळल्यावर ४०x, ०.६५ ची मर्यादा हिरव्या प्रकाशात सुमारे ०.८५ आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात सुमारे ०.६९ येते. त्यामुळे आयपीस काढून नळीत पाहिल्यास वर्तुळाच्या अगदी कडेला पट्ट्याचा फक्त निळा भाग आत आलेला दिसतो. हिरवा आणि तांबडा बाहेरच राहतात. पांढरा एलईडी दिवा असेल तर हे अधिक चांगले दिसते, कारण त्यात ४५० च्या आसपासचा प्रकाश भरपूर असतो.