संपादन-मुद्रितशोधनाचे काम घरून वाढवायचे आहे: १२ हजार कुठे घालू? (रत्नागिरी)

अनुस्वार_रत्नागिरी
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत राहून मराठी संपादन आणि मुद्रितशोधन (प्रूफरीडिंग) पूर्णवेळ करायचे ठरवले आहे. सध्याचे काम दोन छापखान्यांकडून, एका दिवाळी अंकाकडून आणि मधूनमधून होमस्टेवाल्यांकडून येते. ओळखीबाहेरचे काम मिळावे म्हणून ऑनलाइन काहीतरी करायला हवे. एकूण बजेट १२,००० रुपये, त्यावर एक रुपयाही नाही. लॅपटॉप नीट चालतो, तो बदलायचा नाही.
वेबसाइट करू की नुसते फेसबुक-इन्स्टा? पैसे भरून जाहिरात करावी का? आणि दर शब्दावर ठेवू की पानावर?

दर्यावर्दी
ताई, आधी लॅपटॉप. १६ जीबी रॅमच्या खाली बघू नका. मी सत्तर हजारांचा घेतलाय, चारशे पानांची फाइल क्षणात उघडते. त्यावर इनडिझाइन या पाने मांडायच्या सॉफ्टवेअरचे सदस्यत्व घ्या, म्हणजे छापखान्याच्या फाइलमध्येच थेट दुरुस्ती करून देता येईल. पैसे त्यातच आहेत.

खिळेजुळारी_चिपळूण
दर्यावर्दी, मांडणीच्या फाइलला संपादकाने हात लावू नये. एक शब्द वाढला की ओळ सरकते, ओळीमागे पान सरकते, अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात, आणि ती जबाबदारी कोणाची यावरून भांडण होते. संपादन वर्डमध्ये, मांडणी छापखान्यात, आणि मांडणीनंतरच्या दुरुस्त्या पीडीएफवर खुणा करून. हा क्रम मोडू नका.

तरी कोणाला इनडिझाइन वापरायचेच असेल तर मराठी मजकुराला परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. नेहमीचा कंपोझर राहिला तर जोडाक्षरे सुटतात आणि वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. पेजमेकर या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरला युनिकोड, म्हणजे अक्षरांचे सगळीकडे चालणारे एकच संकेतन, कळतच नाही, म्हणून तिथे अजूनही जुने फॉन्ट चालतात.

ताई, तुमच्या कामात खरी डोकेदुखी इथून सुरू होते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून आला की वाचायच्या आधी या गोष्टी तपासा:
– ‘किनाऱ्यावर’चे ‘किनार्यावर’ झालेले असते. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर शब्दतपासणी गप्प बसते, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. कोकणावरच्या पुस्तकात दोन्ही येतात, म्हणून ते डोळ्यांनीच बघावे लागतात.
– ‘ऱ्य’ दोन प्रकारांनी टंकलेला असतो: कुठे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, कुठे साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधायला गेलात तर एकच प्रकार सापडतो. आधी सगळीकडे एक प्रकार करून घ्या. ‘ॲ’चेही तसेच, तो एका चिन्हाचा असतो किंवा अ आणि वर चंद्र असा दोन चिन्हांचा.
– अवतरणचिन्हे आणि संयोगचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरे आलेली असतात.
दोनशे पानांच्या पुस्तकात या सफाईलाच अर्धा दिवस जातो. दर सांगताना तो धरा.

गुहागरचा_होमस्टे
गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो. संपादकाच्या दुरुस्त्यांच्या लाल रेघांनी भरलेली फाइल आमच्या काही कामाची नसते. मोबाइलवर उघडली की जुने-नवे शब्द एकात एक मिसळून दिसतात. सरळ छापता येईल अशी स्वच्छ प्रत द्या. आणि भाषा साधी ठेवा, पुस्तकी मराठी वाचून कोणी खोली घेत नाही.

नियमावली
साधी भाषा म्हणजे अशुद्ध भाषा नव्हे, हे आधी स्पष्ट असू द्या. १९६२चे लेखनविषयक नियम आणि १९७२ची भर मिळून १८ नियम होतात. ते समोर ठेवूनच काम करा. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू. समासात पूर्वपद ऱ्हस्व: कविमन, गुरुदक्षिणा. गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ, पण सामान्यरूपात ऱ्हस्व: राजापूर, राजापुरात. रस्त्याकडेच्या निम्म्या फलकांवर ‘राजापूरात’ असते आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. अक्षरांच्या वळणाचा प्रश्न आला तर २००९चा शासन निर्णय आणि त्याची २०२२ची सुधारणा बघा: पाकळीचा ल आणि देठाचा श.

होडीवाला
नियमावली काका, नियम बरोबर आहेत, पण होमस्टेच्या पत्रकात ‘आमचे घर’ वाचायचे की ‘आमचं घर’? माझ्या मते ‘आमचं’. माणूस बोलतोय असं वाटतं.

नियमावली
कोणाच्या तोंडचे बोलणे असेल तिथे अनुस्वार नियमालाच मान्य आहे. बाकी मजकुरात ‘आमचे’.

खिळेजुळारी_चिपळूण
यावर दोनशे प्रतिसाद होतील. संपादकाने एवढेच पाहावे की एका कामात एकच रूप राहील. त्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाची एक पानाची शैलीपत्रिका करा: ‘आमचे/आमचं’पैकी काय, आकडे देवनागरी की रोमन, ‘होमस्टे’ एकत्र की तोडून, गावांची नावे कशी, ‘रु.’ की ‘₹’. पुढच्या कामाला तीच पत्रिका उघडायची. दुसऱ्या वर्षी तेच गिऱ्हाईक परत येते ते यामुळे.

मालवणी_झील
बारा हजारात काय होवचा नाय गो ताई. लॅपटॉप बदल आणि झकास वेबसाइट कर. माझ्या भावान केल्यान, पन्नास हजार गेले, पण काय दिसता!

सोप्पंलिही
साध्या भाषेचा विषय निघालाच आहे तर नीट बघू. होमस्टेच्या पानांवर असे मजकूर सर्रास असतात:

“सदर निवासस्थान हे समुद्रकिनाऱ्यापासून अत्यंत नजीकच्या अंतरावर स्थित असून पर्यटकांकरिता घरगुती पद्धतीच्या भोजनाची सुविधा उपलब्ध करून देण्यात येत आहे.”

संपादनानंतर:

“घर किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. जेवण घरचे. मासे हवे असतील तर आदल्या संध्याकाळी सांगा.”

यात काय केले? ‘सदर’, ‘स्थित असून’ काढले. ‘उपलब्ध करून देण्यात येत आहे’मध्ये करणारा कोण ते कळत नाही, म्हणून क्रियापद सरळ केले. एका वाक्याची तीन केली. पंधरा-वीस शब्दांच्या पुढे वाक्य गेले की कर्ता आणि क्रियापद यांत अंतर पडते आणि वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचतो. ‘च्या माध्यमातून’, ‘च्या संदर्भात’, ‘या ठिकाणी’ हे शब्द शोधून बघा, बहुतेक वेळा नुसती विभक्ती पुरते.

मात्र ‘पाच मिनिटे’ आणि माशांची सूचना संपादकाने मनाने घालायची नाही. ‘अत्यंत नजीक म्हणजे किती? जेवणाची ऑर्डर कधी द्यायची?’ असे प्रश्न वेगळ्या यादीत लिहून मालकाला पाठवायचे आणि उत्तर आल्यावरच वाक्य बदलायचे. मजकूर सजवणारा आणि संपादक यांत हाच फरक आहे.

तुमची जाहिरातही याच जोडीत आहे, ताई. आधीचे वाक्य, नंतरचे वाक्य आणि दोन ओळींत कारण, आठवड्याला एक. गिऱ्हाइकाचा मजकूर मात्र लेखी परवानगीशिवाय टाकू नका. त्यापेक्षा नमुना स्वतः रचा.

दर्यावर्दी
हे सगळे ठीक, पण जुन्या लॅपटॉपवर पोस्टची चित्रे करायला वेळ लागतो.

बाजारपेठ_कुडाळ
गूगलवर व्यवसायाची नोंद करा, फुकट आहे. ‘मराठी मुद्रितशोधन रत्नागिरी’ शोधले की तुम्ही दिसाल. घराचा पत्ता लपवून नुसता सेवा-परिसर दाखवता येतो. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात.

हिशोबी_लांजा
एक दुरुस्ती. गूगलच्या नियमात ही नोंद प्रत्यक्ष गिऱ्हाइकाला भेटणाऱ्या व्यवसायासाठी आहे. सगळे काम ईमेलवर चालत असेल तर ती बसत नाही आणि पुढे बंद होऊ शकते. छापखान्यात जाऊन प्रुफे घेत असाल, लेखकांना भेटत असाल तर करा, आणि भेटीच्या खऱ्या वेळाच लिहा.

दराबद्दल. पान म्हणजे काय हे प्रत्येकाचे वेगळे असते. १४ टंकाचे (अक्षराचा आकार) एकेरी पान आणि १० टंकाचे डेमी (पुस्तकाच्या आकाराचे) पान यांना एकच दर लावला की तुम्ही फसता. म्हणून शब्दावर दर ठेवा, आणि पानाचीच भाषा कळणाऱ्यांना २५० शब्द म्हणजे एक पान असे लिहून द्या. मूळ फाइलचे शब्द मोजायचे, संपादनानंतरचे नाही, नाहीतर मजकूर आटोपशीर करण्याचे नुकसान तुम्हालाच.

दर सांगण्याआधी ५०० शब्दांचा नमुना मागा, आणि तो पुस्तकाच्या मधला. पहिले प्रकरण लेखकाने दहादा घासलेले असते. नमुना घड्याळ लावून करा आणि त्यावरून पूर्ण कामाचे तास काढा. तीन कामांचे तीन दर ठेवा: नुसते मुद्रितशोधन, वाक्यरचनेसह संपादन, पुनर्लेखन. निम्मे पैसे आधी. दोन फेऱ्या दरात, तिसरी वेगळ्या पैशाने. हे सगळे पहिल्याच संदेशात.

उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद) सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. कोणी पैसे मागितले तर तो मधला दलाल समजा. जीएसटी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही.

बाजारपेठ_कुडाळ
नोंदीचा नियम मान्य. मग व्हॉट्सॲप बिझनेस. कॅटलॉगमध्ये हिशोबींनी सांगितलेल्या तीन सेवा टाका. दर, मुदत, नमुना मागणारा संदेश हे ‘झटपट उत्तर’ म्हणून साठवा, तिरपी रेघ टंकली की समोर येते. पैसे भरून जाहिरात करायचीच तर पोस्टखालचे ‘बूस्ट’ नुसते दाबू नका, लाइक वाढतात आणि काम येत नाही. उद्देश ‘मेसेज’ ठेवा. ठिकाण फक्त रत्नागिरी ठेवू नका, मुंबई-ठाणे-पुण्यातले चाकरमानी लेखक जास्त आहेत.

होडीवाला
वेबसाइट कराच. आणि लॅपटॉपचाही विचार करा.

सोप्पंलिही
वेबसाइट केलीत तर डोमेनचा (साइटच्या नावाचा) पहिल्या वर्षीचा दर बघू नका, नूतनीकरणाचा बघा. आणि एकच पान पुरते.

गुहागरच्या दादांच्या तक्रारीवर उपाय सोपा आहे. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ई दाबून बदलांची नोंद सुरू करायची, काम झाले की दोन फाइली पाठवायच्या: खुणा असलेली आणि सर्व बदल स्वीकारलेली. दुसरीची पीडीएफ करायची, ती मोबाइलवर नीट दिसते. लेखकाने मधेच स्वतः बदल केले असतील तर ‘कंपेअर’ने दोन्ही फाइली ताडून बघा, नाहीतर जुन्या चुका परत येतात.

हर्णै_बंदर
मुदत देताना पावसाळा धरा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे वीज आणि नेटवर्क कित्येक दिवस नव्हते. चालू कामाची प्रत फक्त क्लाउडवर असेल तर हात बांधले जातात. पेनड्राइव्हवरही ठेवा. दिवाळी अंकाची प्रुफे नेमकी गणपतीच्या आगेमागे अंगावर येतात आणि तेव्हा इथले छापखाने बंद असतात. त्या आठवड्यातली तारीख कोणाला देऊ नका.

अनुस्वार_रत्नागिरी
सर्वांचे मनापासून आभार. शब्दावर दर, मधला नमुना, शैलीपत्रिका आणि दोन फाइली उद्यापासून लागू. व्हॉट्सॲपचा कॅटलॉग आज रात्रीच करते. नमुना-जोड्याही टाकेन.

पण पैसे वेबसाइटवर नाही, जाहिरातीवर नाही आणि लॅपटॉपवर तर नाहीच. दोन्ही बाजूंनी छापणारा वापरलेला काळा-पांढरा लेझर प्रिंटर घेते आहे. मांडणीनंतरचे दुसरे वाचन कागदावरच नीट होते. पान उलटताना गळलेली ओळ, चुकलेले पृष्ठशीर्षक, पुन्हा आलेला परिच्छेद पडद्यावर डोळ्यांतून सुटतात. आज प्रत्येक प्रूफ बाहेर छापून आणावे लागते, तो खर्च आणि फेरी वाचेल. मुदत पाळली की छापखानेच पुढचे लेखक पाठवतात.

मालवणी_झील
प्रिंटर? ऑनलाइन जाहिरातीसाठी? आता काय बोलूचा!

बाजारपेठ_कुडाळ
ताई, निदान दोन हजार तरी मेसेजच्या जाहिरातीला ठेवा. प्रिंटर नवे गिऱ्हाईक आणत नाही.

खिळेजुळारी_चिपळूण
मी तर दुकानात छापून आणा म्हटले असते, दुरुस्तीची कटकट नको म्हणून. पण घेताच आहात तर: लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका, आतला हीटर एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस बंद पडतो. थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. जून ते सप्टेंबर कागदाचे उघडे रिम बाहेर ठेवू नका, दमट कागद वळतो, अडकतो आणि टोनर नीट चिकटत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि ट्रेमध्ये त्या दिवसापुरताच कागद घाला. जुना घेताना चाचणी म्हणून दोन्ही बाजूंची वीस पाने सलग छापून बघा. कागद ओढणारा रबरी रोलर झिजला असेल तर सलग छापताना लगेच कळते.