डावखुऱ्या मुलाचा हात बदलावा का? उत्क्रांती काय सांगते?

मांडवीकर
माझा भाचा पाच वर्षांचा, पक्का डावखुरा. बहिणीच्या सासूबाईंनी त्याचा हात बदलायचा चंग बांधलाय. पानावर बसला की डावा हात मांडीखाली ठेवायचा, पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायची. शाळेत पोरं ‘डाबोडी’ (गुजरातीत डावखुरा) म्हणून हाका मारतात ते वेगळंच. हे थांबायला हवं. डावखुरेपणा दोष असता तर केव्हाच नाहीसा झाला असता. निअँडरथल माणूस मांस दातात धरून दगडी पात्याने कापायचा. पातं घसरून पुढच्या दातांवर चरे उठायचे, आणि त्यांच्या कलावरून हात ओळखता येतो. तिथेही बहुतेक उजवे, थोडे डावे. मग हे थोडे टिकले कसे? लढाईमुळे. डाव्या हाताच्या वाराची समोरच्याला सवय नसते. आपल्या बडोद्याच्या जुम्मादादांच्या आखाड्यात लाठीचे हात केलेल्यांना हे सांगायला नको. 2005 मध्ये फोरी आणि रेमाँ या संशोधकांनी पारंपरिक समाजांची तुलना केली. जिथे खूनखराबा जास्त, तिथे डावखुरे जास्त: ॲमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामींत सुमारे 23 टक्के, आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या द्यूलांत 3 टक्क्यांच्या आसपास.

रावपुऱ्याचे आजोबा
अहो, वळण लावणं म्हणजे छळ नव्हे. खाण्याचा हात वेगळा, धुण्याचा वेगळा, ही शिस्त साबण आणि नळ घरोघरी नव्हते तेव्हाची आहे आणि तिने रोगराई अडवली. आमच्या वर्गात डावखुरं कोणी नव्हतं, सगळे उजव्या हाताने लिहायला शिकले, कोणाचं काही बिघडलं नाही. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्याने, खेळला उजव्याने. म्हणजे हात वळतो. आणि उत्क्रांतीच काढायची तर तिने दहातले नऊ उजवे केलेत, ते का विसरता?

सूक्ष्मदर्शी
मांडवीकर, निष्कर्ष मान्य, कारण नामंजूर. त्या तुलनेत समाज मोजकेच होते. 2012 मध्ये न्यू गिनीतल्या एइपो लोकांचा अभ्यास आला. हिंसा भरपूर असलेला समाज, तरी डावखुऱ्यांची वाढीव संख्या काही दिसली नाही. उत्क्रांतीच्या नावावर अशा गोष्टी रचणं फार सोपं असतं.

घराण्याचा हिशेबही तेवढा सरळ नाही. दोन्ही पालक उजवे असले तरी दहातलं एखादं मूल डावखुरं निघतं, एक पालक डावा असेल तर साधारण पाचांत एक, आणि दोघंही डावे असले तरी चारांत एकच. बडोद्यातलेच भाऊ बघा: इरफान पठाण डावखुरा, युसूफ उजवा, कृणाल पंड्या डावखुरा, हार्दिक उजवा. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा पाव भागाच्या आसपास निघतो. 2021 मध्ये सतरा लाखांहून जास्त लोकांची जनुकं तपासली, तेव्हा डावखुरेपणाशी जोडलेल्या 41 जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम अगदी बारीक. बाकी बरंचसं गर्भातल्या वाढीत योगायोगाने ठरत असावं. लढाईसाठी निवडून ठेवलेला गुण म्हणून हे चित्र मला दिसत नाही.

शिवाय ‘निसर्गात टिकलं म्हणून योग्य’ या न्यायाने हिंसासुद्धा योग्य ठरेल. मुलाचा हात दाबू नये, कारण त्याला त्रास होतो. एवढं पुरेसं आहे.

मांडवीकर
पुरेसं तुम्हाला. सासूबाईंना ‘त्रास होतो’ म्हटलं की ‘होईल सवय’ हे उत्तर तयार असतं. आणि विरळ असण्याचा फायदा खेळात आजही दिसतो. क्रिकेट, टेबल टेनिस, बेसबॉल अशा खेळांत, जिथे चेंडूला उत्तर द्यायला वेळ फार कमी, तिथे वरच्या फळीत डावखुऱ्यांचा वाटा मोठा असतो. एका एइपो समाजावरून अख्खी कल्पना निकालात कशी निघते?

डावरी
आजोबा, तुमच्या वर्गात डावखुरे होते. त्यांचे हात बदललेले होते म्हणून दिसले नाहीत. 1991 मध्ये कोरेन आणि हॅलपर्न या मानसशास्त्रज्ञांनी असाच घोटाळा केला. मरण पावलेल्यांचं वय बघून ते म्हणाले, डावखुरे सरासरी नऊ वर्षं आधी जातात. खरं कारण असं की म्हाताऱ्यांच्या पिढीत ‘डावखुरे’ म्हणून नोंदले जाणारेच कमी, कारण लहानपणीच त्यांना उजवं केलेलं. मग डावखुऱ्यांच्या यादीत तरुण मृत्यूच जास्त दिसणार.

आणि वळण म्हणाल, तर हात आईच्या पोटातच कल दाखवतो. पीटर हेपर या संशोधकाने सोनोग्राफीत उजवा अंगठा चोखणारी 60 बाळं दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली, सगळी उजवी. डावा चोखणाऱ्या 15 पैकी 10 डावखुरी निघाली.

माझाही हात बदललाय. अक्षर नीट येतं, पण घाईत शिरोरेषा ओढताना मनगट आखडतं, आणि सुई, सुरी, झाडू मी आजही डाव्यानेच धरते. मांडवीकर, भाच्याची वही उजवीकडे कलती ठेवायला शिकवा म्हणजे तळवा शाईवर घासणार नाही, आणि बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवा, शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही.

रावपुऱ्याचे आजोबा
वर्गातल्या मुलांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण देवाचा प्रसाद उजव्याच हातात घ्यावा, हे मी सोडणार नाही.

डावरी
नका सोडू. प्रसादापुरतं सांगितलंत तर तो ऐकेल. घास, पेन्सिल, कात्री आणि बॅट मात्र त्याच्या डाव्या हातात राहू द्या.