चिनी 'ता' म्हणजे नुसतं 'मारणे' का?

शिरोलीवाला:
मंडळी एक शंका आहे. मी शिरोली एमआयडीसीत कामाला, आमच्याकडं चीनवरनं मशीन आलंय आणि तिकडच्या इंजिनिअरशी रोज चॅटवर बोलावं लागतं म्हणून दोन महिने मँडरिन शिकतोय. पण ह्या 'ता' क्रियापदाचं काय कळेना. डिक्शनरीत पहिला अर्थ मारणे, आणि फोन करायला ता, छत्री धरायला ता, विहिरीतनं पाणी काढायला ता, ढग गडगडले तरी ताच. काल मी 'फोन मारा' म्हणून 'ता वो' लिहिलं तर त्यानं नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. नेमकं काय चुकलं?

रंकाळाकाठ:
भावा, 'ता वो' म्हणजे 'मला मार', शब्दशः. फोनसाठी 'केइ वो ता त्येनह्वा', केइ वो म्हणजे मला, त्येनह्वा म्हणजे फोन. फोन हा शब्द गाळायचाच नाही, अर्थ सगळा त्याच्यातच आहे. आपलं बघ की, हाक मारतो, मिठी मारतो, रंकाळ्याला चक्कर मारतो, तांबडा-पांढरा मारतो, कुणाला लागतंय का त्यात? काही तर जसंच्या तसं जुळतं, हवा मारणे 'ता छी', डुलकी मारणे 'ता ख-श्वे'. पण सगळीकडं जुळवत बसू नको, गप्पा मारण्याला ता चालत नाही, तिथं 'ल्याव थ्येन'.

पेठेतली_ताई:
ह्यात भर घालते. त्या अक्षराचा डावा भाग म्हणजे हात, म्हणून पुष्कळदा हातानं करायची कामं. बास्केटबॉल, बॅडमिंटन, पत्ते खेळायला ता, पण शाहू स्टेडियमवर चालतो तो फुटबॉल मात्र 'थी', म्हणजे लाथ मारणे. हे मला फार आवडतं. अर्थात जांभईला पण ता म्हणतात, तिथं हात कुठला आलाय, ते पाठच करावं लागतं. आणि हा घोळ आजचा नाही बरं का, सोंग राजवटीतल्या ओउयांग श्यूनं (१००७–१०७२) तक्रार लिहून ठेवलीय की मूळ अर्थ मारणे असताना लोक नाव बांधायला, मासे धरायला, पाणी काढायला पण हाच शब्द वापरतात.
उच्चाराकडं लक्ष द्या दादा. 'ता'चा सूर खाली जाऊन वर येतो, तोच वरनं सरळ खाली पाडला की 'मोठा', आणि त च्या जागी थ आला तर 'था' म्हणजे तो. त-थ चा फरक आपल्या कानाला आधीच आहे, त्याचा फायदा घ्या.

रंकाळाकाठ:
आणि एक, धंद्यात लागणारं. सूट देण्याला 'ता चऽ', पण मधला आकडा सुटीचा नसतो, द्यायच्या रकमेचा असतो. 'ता पा चऽ', पा म्हणजे आठ, म्हणजे किमतीचे दहातले आठ भाग द्यायचे, सूट वीस टक्के.

शिरोलीवाला:
लई आभार दोघांचे. स्पेअर पार्टच्या कोटेशनमध्ये 'ता च्यौ चऽ' आहे आणि मी नऊ टक्के धरून हिशेब केलाय, म्हणजे सूट दहा टक्के होतीय. साहेबांकडं जायच्या आत शीट बदलतो.