मूत्रपिंडातील 'वण' आणि फायब्रोब्लास्टसदृश पेशी

अनुवादिका: मूत्रपिंडविकारावरील माहितीपुस्तिकेचे भाषांतर करताना एका वाक्यापाशी अडले आहे. आशय असा, की मूळ आजार मधुमेहाचा असो वा उच्च रक्तदाबाचा, इजा दीर्घकाळ होत राहिली की मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या मधल्या जागेतील फायब्रोब्लास्टसदृश (धागे बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींसारख्या) पेशी कोलॅजेन या प्रथिनाचे धागे वाजवीपेक्षा जास्त बनवतात आणि मूत्रपिंड आकसत जाते. मी याला 'वण पडणे' म्हटले. संपादकांनी ते खोडून 'तंतुमयता' केले. 'तंतुमय' वाचून रुग्णाला पालेभाजी आठवेल, ही माझी भीती अनाठायी आहे का?

शब्दवेल्हाळ: अनाठायी नाही, पण 'वण'ही चालणार नाही. देवीचे वण म्हणजे रोग गेल्यावर मागे उरलेली खूण. इथे रोग गेलेलाच नाही. शिवाय कोणीतरी त्याचा 'व्रण' करील, आणि संस्कृतात व्रण म्हणजे खुद्द जखम.

प्रयोगशाळेतून: वरचा आक्षेप शास्त्रदृष्ट्याही नेमका आहे. त्वचेची जखम भरताना तिच्या कडा ओढून घेणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट पेशींचे वर्णन गाब्बियानी आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये केले. जखम भरली की त्यांपैकी बहुतेक मरून जातात, मूत्रपिंडात मात्र इजा चालूच राहिल्याने त्या मुक्काम ठोकतात. आणि कृपया 'सदृश' गाळू नका. या पेशी येतात कुठून, यावर बराच वाद झाला आहे: २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून नलिकांच्या अस्तराकडे बोट दाखवले गेले, २०१० मध्ये केशवाहिन्यांना बिलगलेल्या पेरिसाइट पेशींकडे, आणि मानवी मूत्रपिंडातील एकेक पेशी तपासणाऱ्या २०२१ च्या अभ्यासाने पेरिसाइट व स्थानिक फायब्रोब्लास्ट हेच मुख्य स्रोत ठरवले.

अनुवादिका: मग फायब्रोब्लास्टला 'तंतुजनक' म्हणून 'तंतुजनक पेशींसारख्या पेशी' असे लिहावे काय?

प्रयोगशाळेतून: 'तंतुजनक' हे नाव मूत्रपिंडात अपुरे पडते. तिथल्या याच जातीच्या काही पेशी एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक तयार करतात, ज्याच्यावर अस्थिमज्जेतील तांबड्या रक्तपेशींची निर्मिती अवलंबून असते. त्यांचे रूपांतर मायोफायब्रोब्लास्टमध्ये झाले की धागे वाढतात आणि हे संप्रेरक घटते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तक्षय होण्याचे ते एक कारण आहे. ज्या पेशीचे निरोगी अवस्थेतील मोलाचे काम संप्रेरक बनवणे हे आहे, तिला तिच्या बिघाडावरून नाव का द्यावे?

शब्दवेल्हाळ: नावाने सगळी कामे सांगावीत, ही अपेक्षाच गैर आहे. फायब्रोब्लास्ट या नावात तरी एरिथ्रोपोएटिन कुठे आहे? 'तंतुजनक' ठेवावे, आणि मायोफायब्रोब्लास्टला सरळ 'स्नायुतंतुजनक पेशी' म्हणावे. तिच्यात स्नायूंमधले ॲक्टिन हे प्रथिन असते आणि ती आकुंचनही पावते.

इंदूरकर: यात नवाच घोळ आहे, कारण या समासातून ही पेशी स्नायूंचे तंतू निर्माण करते असा अर्थ निघतो. दुसरे असे, की आम्ही इंदुरात जीवशास्त्र हिंदीतून शिकलो. तिथे स्नायूला 'पेशी' म्हणतात आणि पेशीला 'कोशिका'. मराठीने हे शब्द उलटेपालटे का केले, हे मला आजतागायत कोणी समजावलेले नाही. सुश्रुतसंहितेतही ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत, तेथे पेशी म्हणजे मांसाचे पुंजके आणि स्नायू म्हणजे बंध.

शब्दवेल्हाळ: सुश्रुताच्या हिशेबाने चालायचे, तर धावताना आपला स्नायू दुखावला असे कोणाही मराठी माणसाला म्हणता येणार नाही. शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात.

इंदूरकर: वापरणारेच ठरवत असतील, तर 'व्रण' म्हणजे जखमेची खूण असे आज निम्मा महाराष्ट्र म्हणतो, त्याला आपण संस्कृत दाखवून का अडवले?

शब्दवेल्हाळ: ते प्रकरण वेगळे आहे. 'वण' हा चांगला मराठी शब्द हाताशी असताना 'व्रण' लिहिणे ही गरज नव्हे, मिरवणे आहे.

अनुवादिका: पुस्तिका सोमवारी छपाईला जाणार आहे. 'वण' की 'तंतुमयता'?

इंदूरकर: त्याआधी 'पेशी'चे काय ते ठरू द्या.