प्रतिसाद: पार्कजवळचं हॉटेल की लांबचं?

थीम पार्कला लागून असलेलं महाग हॉटेल घ्यावं की पाच-सहा किलोमीटरवरचं स्वस्त, असा तुमचा प्रश्न आहे. मुलं पाच वर्षांच्या आतली असतील तर मी जवळचंच घेईन. दुपारी मूल पेंगायला लागलं की चालत खोलीवर जाता येतं, तासभर झोपवून संध्याकाळी परत येता येतं. आम्ही लांब राहिलो होतो. धाकटी बाबागाडीतच झोपली, पाय बाहेर लोंबकळत, गाल उन्हाने लालबुंद. फार वाईट वाटलं तेव्हा.

मुलं मोठी असतील तर लांबचं खुशाल घ्या. पण बुकिंगआधी फोन करून विचाराच, की पार्कहून हॉटेलवर आणणारी शेवटची शटल बस किती वाजता सुटते? पार्कमधली रात्रीची आतषबाजी संपायच्या आत बस गेली तर वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात. पार्किंग आणि रिसॉर्ट फी (खोलीच्या भाड्यावर हॉटेल लावतं तो जादा आकार) वेगळी लागते का, तेही विचारा.

पाच-सहा जण असाल तर दोन खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट बरेचदा स्वस्त पडतं. नाश्ता तिथेच उरकून गेट उघडायच्या आधी रांगेत उभं राहता येतं.