ती आयक्यूची लिंक कोणी टाकली होती?

ए-३०२ देशपांडे, रात्री ९:०४
नमस्कार. काल आयक्यू टेस्टची लिंक ज्यांनी ग्रुपवर टाकली त्यांनी पुढे काय झालं तेही ऐकावं. माझ्या मुलाला ९१ आला आणि सी विंगची पोरं संध्याकाळपासून त्याला "ए एक्क्याण्णव" अशी हाक मारतायत, बॅडमिंटन अर्धवट टाकून रडत वर आला. चौथीत आहे हो तो. कोणावर रोख नाही पण ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

सी-५०१ पाटील, ९:०७
वहिनी लिंक मी टाकली, आडून कशाला बोलता. मला १३८ आला म्हणून गंमत म्हणून शेअर केली

ए-३०२ देशपांडे, ९:११
मी स्वतः उघडून बघितली. वीसातले अकरा प्रश्न निव्वळ पाठांतराचे. १९८३ च्या वर्ल्डकपचा कॅप्टन कोण, ऑस्ट्रेलियाची राजधानी कुठली, रुपयाचे आणे किती. नऊ वर्षांच्या पोराने आणा कुठे बघितलाय? वर सर्टिफिकेटला ३९९ रुपये आणि मोबाईल नंबर द्या.

बी-१०४ साठे काका, ९:१२
सोळा आणे. सामान्य ज्ञानच नसेल तर हुशारी काय चाटायची?

सी-३०४ भोसले, ९:१३
काका तुम्हाला एक मार्क

ए-६०३ कुलकर्णी ताई, ९:२०
मी लहान मुलांच्या चाचण्या घेते म्हणून राहवलं नाही. बुद्ध्यांक म्हणजे मार्क नव्हेत. त्याच वयाच्या बऱ्याच मुलांना तीच चाचणी देऊन त्यांची सरासरी १०० धरतात आणि आपलं मूल त्यांच्यात कुठे बसतं ते बघतात, या लिंकवर तर वयच विचारत नाहीत मग चौथीतल्या मुलाची तुलना कोणाशी केली, पाटील साहेबांशी? खऱ्या चाचणीत १३० च्या वर शंभरात दोनेक जण निघतात. काल इथे नऊ जणांनी टाकलेत.

सी-३०४ भोसले, ९:२१
६४ फ्लॅटांत नऊ!! बिल्डरने ब्रोशरमध्ये छापायला हवं होतं, स्विमिंग पूल तरी कुठे झाला

बी-१०४ साठे काका, ९:२२
माझ्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलं नाही. सामान्य ज्ञानच नसेल तर हुशारी काय चाटायची?

ए-६०३ कुलकर्णी ताई, ९:२८
काका, थोडं तुमचंही बरोबर आहे. वेक्सलरच्या (आम्ही वापरतो त्या बुद्ध्यांकाच्या) चाचणीत माहितीचे प्रश्न असतातच, पण तो अनेक भागांतला एक भाग आणि प्रश्न मुलाच्या आजूबाजूच्या जगातले लागतात. धारवाडच्या डॉ. कामतांनी बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची बुद्ध्यांक चाचणी आपल्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली ती त्याचसाठी. रेव्हनच्या चाचणीत (१९३८ ची) तर शब्दच नाहीत, आकृतीतला राहिलेला तुकडा ओळखायचा. आणि मुळात पॅरिसमध्ये १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी हे सगळं काढलं ते शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना जादा मदत मिळावी म्हणून.

बी-२०२ शेख, ९:३१
ताई आकृत्यांचं पण काही खरं नाही. स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीचे सराव संच सोडवून सोडवून आमची मुलगी आता आकृत्या टीव्ही बघत करते. महिन्याभरात हुशारी वाढली का? सवय झाली

ए-६०३ कुलकर्णी ताई, ९:३२
अगदी. म्हणून तर एकदा घेतलेली चाचणी आम्ही लगेच परत घेत नाही.

सी-५०१ पाटील, ९:३४
म्हणजे माझे १३८ खोटे का? मी काही सराव केला नव्हता

बी-१०१ गोखले सेक्रेटरी, ९:३५
पाटील साहेब, १३८ चं माहीत नाही पण मेंटेनन्स तीन महिन्यांचा राहिलाय तो आकडा माझ्याकडे पक्का आहे.

सी-५०१ पाटील, ९:३६
हे इथे बोलायचं कारण? लीकेजचं काम करा मग भरतो, दोन पावसाळे गेले

बी-१०४ साठे काका, ९:३७
कुलकर्णींनी मान्य केलं की माझं बरोबर आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.

ए-६०३ कुलकर्णी ताई, ९:३७
थोडं म्हटलं होतं काका

सी-३०४ भोसले, ९:३९
विषय निघालाच आहे तर माझ्या पार्किंगमध्ये पांढरी स्विफ्ट कोणाची आहे? आयक्यू कितीही असो, गाडी काढा

सी-५०१ पाटील, ९:४१
*हा मेसेज डिलीट केला आहे*

बी-१०१ गोखले सेक्रेटरी, ९:४२
मी वाचला तो. भाषा सांभाळा. ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे, यापुढे लिंका टाकू नयेत. उद्या टाकी धुणार, ११ ते २ पाणी नाही.

ए-३०२ देशपांडे, ९:४६
पाणी, पार्किंग सगळं झालं. सी विंगमधलं कोणी आपल्या मुलांशी बोललं का एवढंच विचारायचं होतं.

सी-५०१ पाटील, १०:१५
वहिनी बोललो. आमचे चिरंजीवच पुढे होते त्यात. उद्या खाली पाठवा त्याला, रॅकेट आमच्याकडेच राहिलीय त्याची. आणि त्या टेस्टवाल्यांचे दुपारपासून मला पाच फोन आले, मेंदू तल्लख करायचा कोर्स घ्या म्हणून.

सी-३०४ भोसले, १०:१६
१३८ असूनही??

बी-१०४ साठे काका, १०:२०
राजधानी कॅनबेरा. सिडनी नव्हे. कालही मी हेच सांगत होतो.